तळोज्याचें गोदाम आणि ताळेबंद

ताळेबंद हा शब्द कारखानदारीबरोबर आलेला नाहीं. पेशवाईच्या मोडी दफ्तरांत तो जागोजाग आढळतो. १९१३ च्या कंपनी कायद्यानें ताळेबंदाचा नमुना घालून दिला. पण त्यांत आंकडा कोणत्या रीतीनें बसवावयाचा, हें पुष्कळसें ज्याच्या त्याच्या समजुतीवर राहिलें. १९४९ सालीं हिशेबतपासनिसांची संस्था कायद्यानें स्थापन झाली आणि १९७७ सालीं तिनें मानकें ठरविण्यासाठीं मंडळ नेमलें.

माझ्या शेजारचे एक गृहस्थ गेल्या महिन्यांत हातांत वार्षिक अहवाल घेऊन आले. "गुरुजी, कंपनीनें छदामही उसना घेतला नाहीं म्हणतात, मग हें देणें कोठून उपटलें?" पेन्शनींतून घेतलेले भाग विकून टाकण्याच्या बेतांत होते बिचारे. उत्तर भाडेपट्ट्यांत होतें.

तळोज्यास एखाद्या कंपनीनें पांच वर्षांच्या करारानें गोदाम घेतलें, भाडें सालीना १० लक्ष, असें समजा. २००१ पासून चालत आलेल्या मानकाप्रमाणें तें भाडें त्या त्या वर्षीं खर्चीं पडे. पुढील वर्षांच्या देण्याचा मागमूस ताळेबंदांत नसे, असलाच तर टिपेंत. १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांस नवें मानक लागू झालें. आतां पांचही वर्षांचें भाडें आजच्या किमतीस आणावयाचें. व्याज शेंकडा १० धरल्यास ही रक्कम सुमारें ३७.९१ लक्ष भरते. तेवढें देणें एका बाजूस, तेवढाच वापराचा हक्क दुसऱ्या बाजूस. भाडें हा खर्च नाहींसा होतो. त्याजागीं घसारा ७.५८ लक्ष व पहिल्या वर्षाचें व्याज ३.७९ लक्ष, मिळून ११.३७ लक्ष. म्हणजे पहिल्या वर्षीं नफा १.३७ लक्षांनीं कमी दिसतो. पांचव्या वर्षीं हाच खर्च साडेआठ लक्षांच्या आंत येतो. एकूण बेरीज दोन्हीं रीतींनीं पन्नासच! तिजोरींतून जाणारा पैसाही तोच.

औद्योगिक विकास महामंडळाच्या ९५ वर्षांच्या पट्ट्यावरील भूखंडाची गोष्ट निराळी. तेथें अधिमूल्य आरंभींच भरलेलें असतें, म्हणून देणें फारसें वाढत नाहीं. केवळ ती जमीन वापरहक्काच्या सदरांत जाते.

मला नवी रीत अधिक प्रामाणिक वाटते. पांच वर्षें बांधून घेतलेला मनुष्य आपण मोकळे आहों असें सांगूं लागला तर त्याला काय म्हणावें? मात्र एक अडचण आहे. लहान कंपन्यांस जुनेंच मानक चालतें. त्यामुळें एकाच रस्त्यावरील दोन कारखाने, दोघांचें गोदाम सारखें, भाडें सारखें, आणि एक कर्जबाजारी तर दुसरा निर्धास्त दिसावा! २०१९ च्या अलीकडचे व पलीकडचे आंकडे शेजारीं ठेवतांनाही हाच घोटाळा होतो.

शेजाऱ्यांना मीं भाडेपट्ट्यांची टीप काढून दिली. चष्मा पुसून ते तेथेंच वाचीत बसले.