रुग्णालयातील भूमिगत आगगाडी

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. कामगाराला मात्र इतिहास निराळ्या ठिकाणी भेटतो. यंत्र कोणी आणले, कोणाच्या सांगण्यावरून आणले आणि ते चालवणाऱ्याला कोणी विचारले काय, हे त्याचे प्रश्न. माझे आयुष्य हेच प्रश्न विचारण्यात गेले. आज ते मी रुग्णालयाच्या दप्तराला विचारणार आहे.

केसपेपरची किंमत तो हरवला म्हणजे कळते. कोणते औषध दिले, कोणते मानवले नाही, हे रुग्णाला सांगता येतेच असे नाही. तेव्हा हा कागद संगणकात गेला तर बरेच, यात वाद नाही. वाद आहे तो पुढेच.

ही हकीगत अमेरिकेतील आहे. माजी सैनिकांसाठी तेथे सरकारी रुग्णालये आहेत, दीडशेहून अधिक. 1977 साली त्या खात्यात टेड ओ'नील आणि मार्टी जॉन्सन या दोघांनी एक साधी गोष्ट मांडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने राजधानीत बसू नये; त्याने रुग्णालयात, डॉक्टर आणि परिचारिका यांच्याजवळ बसावे. त्यांनी सांगावे, याने लिहावे, वापरून पाहावे, पुन्हा बदलावे. आणि एका रुग्णालयात जमले ते दुसऱ्याने फुकट घ्यावे. हत्यारही जवळच होते. बोस्टनच्या एका रुग्णालयात 1966-67 च्या सुमारास 'मम्प्स' नावाची संगणकभाषा तयार झाली होती. लहान यंत्रावरही अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी ती होती. डिसेंबर 1978 मध्ये ओक्लाहोमा सिटीत ही मंडळी जमली आणि सर्वांना चालेल असा समाईक पाया त्यांनी ठरवला.

राजधानीतील संगणक कचेरीला हे कसे रुचावे? मोठी यंत्रे, मध्यवर्ती हुकूम, हा तिचा खाक्या. 1979 पासून दडपण आले. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची पदावनती झाली. तरीही काम गुपचूप चालू राहिले. गुलामांना उत्तरेकडे पळवून नेणाऱ्या जुन्या गुप्त वाटेचे नाव त्यांनी आपल्या जाळ्याला दिले : 'भूमिगत आगगाडी'. (आपल्याकडे भूमिगत म्हटले की बेचाळीस साल आठवते, पण ही माणसे बाँब नव्हे, औषधांच्या याद्या लपवीत होती!) ही संघटित कामगारांची चळवळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. परंतु झगडा ओळखीचा आहे : कामाची रीत कोणी ठरवायची? अखेर 1982 साली खात्याचे प्रमुख रॉबर्ट निम्मो यांनी या पद्धतीस अधिकृत मान्यता दिली.

तिचे सर्वांत गोड फळ मला कॅन्सासमधील टोपेका येथे दिसते. तेथील परिचारिका स्यू किनिक यांनी 1992 साली भाड्याची मोटार परत करताना नोकराच्या हातातले छोटे यंत्र पाहिले. मोटारीची नोंद अशी होते, तर रुग्णाच्या गोळीची का नको? रुग्णाच्या मनगटावर पट्टी, औषधावर रेघांची खूण. दोन्ही जुळल्या तरच औषध द्यायचे. टोपेकात हे करून पाहिले आणि 1999 पासून ते देशभरच्या त्या रुग्णालयांत गेले. वरिष्ठांच्या कोणत्या समितीला हे सुचले असते?

2005 साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले, कित्येकांचे कागदी दप्तर चिखलात गेले. पण माजी सैनिकांच्या नोंदींची प्रत ह्यूस्टनला नेल्यामुळे थोड्याच दिवसांत त्या इतर गावच्या डॉक्टरांना वाचता आल्या.

आणि तरीही 2018 साली सरकारने निविदा न मागवता सुमारे 10 अब्ज डॉलरचा करार सर्नर कंपनीशी केला. जुनी पद्धत थकली होती, तिची डागडुजी महाग पडत होती, हे खोटे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये स्पोकेन येथे नवी पद्धत बसली. तपासणीची वा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची मागणी जुळत्या ठिकाणी गेली नाही तर ती 'अज्ञात' यादीत पडे, आणि डॉक्टरला काहीच कळत नसे. जुना कारकून चुकून आलेला कागद पाहून निदान हाक तरी मारी! अशा 11,000 हून अधिक मागण्या अडकल्या आणि 149 रुग्णांना इजा पोचली, असे खात्याच्याच महानिरीक्षकांनी जुलै 2022 मध्ये जाहीर केले. एप्रिल 2023 मध्ये पुढील रुग्णालयांतले काम थांबवण्यात आले. तोवर पाच रुग्णालयांत नवी पद्धत पोचली होती. बाकी सर्वत्र भूमिगतांचीच आगगाडी चालू होती.