कुर्तुब्याला गेलेला लठ्ठ राजा

आपाच्या वजनाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, त्याच आठवड्यात भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘जगातली पहिली बॅरिएट्रिक सर्जरी हजार वर्षांपूर्वी मुसलमानांनी केली! राजाचे ओठ शिवून त्याचे वजन उतरवले!’ खाली माशाअल्लाहची रांग लागली. आपाने मात्र रात्री मला फोन केला. म्हणाली, ‘‘ओठ शिवले होते म्हणे. माझं काय काय करणार आहेत रे?’’

मी शिक्षक माणूस. चुकीचे उत्तर फळ्यावर तसेच ठेवणे मला जमत नाही. म्हणून तिला खरी हकीकत सांगितली, ती इथेही मांडतो.

दहाव्या शतकात आजच्या स्पेनच्या उत्तरेला लिओन नावाचे ख्रिस्ती राज्य होते. ९५६ मध्ये तिथे सांचो गादीवर आला. इतिहासात तो ‘लठ्ठ सांचो’ म्हणूनच ओळखला जातो. घोड्यावर बसणे अवघड झालेला राजा सरदारांना नकोसा झाला. दरबारी राजकारण होतेच, त्यात शरीराची टिंगल हे सोपे हत्यार मिळाले. दोन वर्षांत त्याची गादी गेली.

त्याच्या मदतीला धावली ती नवाराची राणी तोदा, त्याची आजी. तिने मदत मागितली ती कुर्तुब्याच्या, म्हणजे आजच्या कॉर्डोबाच्या, खलिफाकडे. हे सोपे नव्हते. खलिफा तिसरा अब्दुर्रहमान नात्याने तिचा भाचा लागत असला तरी ९३९ मध्ये सिमंकासच्या लढाईत नवारा त्याच्या विरुद्ध उभे होते. नातवासाठी आजीने जुने वैर गिळले.

खलिफाने आपला हकीम नवाराला पाठवला. त्याचे नाव हसदाई इब्न शप्रूत. तो यहुदी होता. वैद्य, मुत्सद्दी, अनेक भाषांचा जाणकार. त्याने राजाला तपासले आणि अट घातली, उपचार कुर्तुब्यातच होतील आणि तुम्हाला स्वतः यावे लागेल. अटीत राजकारण होते, बदल्यात किल्लेही मागितले होते. ९५८ मध्ये तोदा, तिचा मुलगा राजा गार्सिया आणि सांचो असे तिघे सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास करून कुर्तुब्याला पोचले.

तिथे नेमके काय झाले? ओठ शिवल्याची आणि नळीने औषध पाजल्याची कथा नंतरच्या काळातली आहे. त्या काळाच्या जवळचा इतिहासकार म्हणजे अस्तोर्गाचा बिशप सांपिरो. तो एवढेच सांगतो की मुसलमानांनी सांचोला एक वनस्पती दिली आणि त्याच्या पोटाची चरबी उतरली. सुरी नाही, टाके नाहीत. म्हणजे ती सर्जरी नव्हती. सांचो हलका झाला, खलिफाच्या फौजेसह परतला आणि ९६० पर्यंत त्याने लिओन पुन्हा जिंकले.

मग अभिमान बाळगण्यासारखे काही उरते का? माझ्या मते जास्तच उरते. ख्रिस्ती रुग्ण, यहुदी हकीम, मुसलमान खलिफा. त्यांचे राजकीय हिशेब होते, पण ज्या माणसाच्या पोटावर त्याचीच माणसे हसली, त्याच्याकडे कुर्तुब्याने आजारी म्हणून पाहिले. लठ्ठपणा हा गुन्हा नसून उपचाराचा विषय आहे, हे त्या दरबाराला कळले होते. आपल्या मोहल्ल्याला कळायचे आहे. ‘‘तोंड आवरता येत नाही म्हणून पोट कापून घेतेय,’’ हे वाक्य आपाने आपल्याच नातेवाइकांकडून ऐकले आहे.

खऱ्या सर्जरीचा धागाही त्याच शहराजवळ सापडतो. सांचो आला तेव्हा शेजारच्या अज़्ज़हरा नगरीत अबुल कासिम अज़्ज़हरावी तरुण होता. पुढे त्याने ‘अत-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, हत्यारांच्या आकृत्यांसह. त्याच्या सुरुवातीलाच तो शरीररचना न शिकता सुरी चालवणाऱ्यांच्या हातून दगावलेल्या रुग्णांचे प्रसंग सांगतो. त्याने भीती लपवली नाही, तिचे कारण सांगितले.

वजनासाठी सर्जरी फार उशिरा आली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली. वजन उतरे, पण पुढे अनेकांचे यकृत आणि मूत्रपिंड बिघडले, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचा लहान कप्पा करून तो आतड्याला जोडायला सुरुवात केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमीच राहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९९४ मध्ये हे ऑपरेशन दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध झाले. आज अनुभवी केंद्रांत त्याचा धोका पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास मानला जातो. तो शून्य नाही. आपाला मी हेही सांगितले.

‘‘पण झोपेतून उठलेच नाही तर?’’ तिने विचारले. या प्रश्नावरही इतिहासात उत्तर आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १८४६ साली ईथर देऊन केलेले ऑपरेशन जगभर गाजले. त्याच रुग्णालयात १९६४ मध्ये एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला भूलतज्ज्ञाने आधीच सांगितले की दुखेल, कुठे दुखेल, कसे वळायचे, श्वास कसा घ्यायचा. दुसऱ्या गटाला हे सांगितले नाही. कोण कोणत्या गटात आहे, हे सर्जनना माहीत नव्हते. ज्यांना सांगितले होते त्यांना वेदनाशामक जवळपास निम्मेच लागले आणि ते सरासरी अडीच दिवसांहून अधिक लवकर घरी गेले.

म्हणजे ‘घाबरू नकोस’ म्हणून भीती जात नाही. काय होणार आहे ते कळले की ती आटोक्यात येते.

म्हणून आपाची तयारी आम्ही माहितीने केली. दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार का? कारण यकृत जठरावर आडवे येते. त्यातली चरबी उतरली की ते आकसते आणि सर्जनला जागा मिळते. मिश्री का सोडायची? निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो. झोपेत घोरते हे भूलतज्ज्ञाला का सांगायचे? श्वास अडकण्याचा विकार असेल तर ते आधीच बंदोबस्त करतात. शुद्धीवर आल्यावर लवकर चालायला का लावतात? पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर का? अन्न कमी जाते, शोषणही घटू शकते.

कुणी म्हणाले, एवढी चौकशी म्हणजे तवक्कुल कमी. पण आधी उंट बांधण्याची शिकवण आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

परवा आपाने वहीच्या कागदावर प्रश्न लिहून काढले. अकरा झाले. पुढच्या रमज़ानमध्ये रोज़े ठेवता येतील का, हा अकरावा. सोमवारी भूलतज्ज्ञाकडे जायचे आहे. मी शाळेत अर्धी रजा टाकली आहे. आपा म्हणाली, ‘‘तू नुसता शेजारी बस, विचारणार मी.’’