किल्ल्यातील शिळा

चेन्नईस बदलून आलेली आपली मराठी मंडळी पहिल्या वर्षी महाबलिपुरम् व कांचीपुरम् पाहून घेतात; पुढे रविवार रिकामे जाऊ लागतात. आम्हां चौघा-पाचजणांनी हे रविवार कॅमेऱ्याच्या स्वाधीन केले, आणि त्यांतील पुष्कळसे थडग्यांपाशी घालविले. घरच्या मंडळींस हा छंद अशुभ वाटतो. पण दगडावरची नावे व साले झिजत चालली आहेत, तेव्हा शुभाशुभाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरीज चर्च 1680 साली उपासनेस खुले झाले. त्याच्या भोवतीचे अंगण साध्या फरसबंदीचे आहे असा प्रथम समज होतो. वाकून पाहावे तो फरशीफरशीवर लेख कोरलेला. कोठे इंग्रजी, कोठे लॅटिन, कोठे पोर्तुगीज, कोठे आर्मेनियन. एलिझाबेथ बेकर या बाईची शिळा तर 1652 सालची, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वी बावीस वर्षांची. मात्र या शिळा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : ज्यांची नावे त्यांवर आहेत ती माणसे त्यांच्याखाली नाहीत.

त्याचे कारण युद्धात आहे. जुने दफनस्थान किल्ल्याच्या तटाबाहेर, आज जेथे लॉ कॉलेजची इमारत उभी आहे तेथे होते. 1758 च्या डिसेंबरात फ्रेंच सेनापती लाली याने किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैनिकांना या उंच थडग्यांचा आयताच आडोसा मिळाला. फेब्रुवारी 1759 मध्ये वेढा उठला आणि इंग्रजांनी धडा घेतला. थडगी पाडून त्यांवरच्या शिळा चर्चच्या अंगणात आणून बसविण्यात आल्या. मृतांना मात्र कोणी हलविले नाही.

चर्चच्या आतही असेच एक देहावाचून स्मारक आहे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने धाकट्या जॉन बेकनकडून ते संगमरवरी शिल्प करवून घेतले. श्वार्ट्झ 1798 साली तंजावरास वारला व तेथेच पुरला गेला. तंजावरचे सरफोजीराजे भोसले हे त्याच्या देखरेखीखाली वाढले. 1793 मध्ये सुरक्षिततेसाठी त्यांना मद्रासेस आणले तेही त्याच्याच खटपटीने. तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडविलेल्या शिल्पात मरणोन्मुख गुरूच्या शय्येपाशी सरफोजीराजे उभे आहेत, आणि गुरूच्या थडग्यावरील इंग्रजी पद्य त्यांनी स्वतः रचलेले आहे. चेन्नईचे शिल्प पाहून जो तंजावरास जाणार नाही, त्याने अर्धीच गोष्ट पाहिली असे आम्ही समजतो.

जुन्या दफनस्थानातून न हललेली थडगी अगदी थोडी. त्यांतले एक उंच मनोऱ्यासारखे. त्यात जोसेफ हिन्मर्स हा 1680 मध्ये वारलेला कंपनीचा अधिकारी आहे, आणि 1688 मध्ये वारलेला डेव्हिड येल हा लहानगा मुलगा आहे. हिन्मर्सच्या विधवेने एलिहू येलशी लग्न केले; तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याचेच नाव अमेरिकेतील विद्यापीठास मिळाले. आपले मूल आईच्या पहिल्या नवऱ्याशेजारी ठेवावे असे त्या दोघांना वाटले, ही गोष्ट कोणत्याही बखरीत सापडली नसती. ती त्या जागेनेच सांगितली. संरक्षित स्मारक असलेले हे थडगे 2023 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. मोटारी उभ्या करण्यासाठी जागा हवी होती. मोटारीही कोठेतरी उभ्या राहिल्या पाहिजेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या थडग्याचा अर्थ त्याच्या जागेत आहे.

म्हणून छायाचित्र घेताना आम्ही एक शिस्त पाळतो. लेखाचे चित्र सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे, कारण दुपारी अक्षरे सपाट होऊन जातात. शेजारी फूटपट्टी ठेवावी. खडूने अक्षरे उठवू नयेत. आणि मग चार पावले मागे सरून दुसरे चित्र घ्यावे, ज्यात झाड, भिंत, पलीकडची इमारत व तिच्याकडे जाणारी वाट हे सारे येईल. पहिल्या चित्राचे कौतुक होते. दुसऱ्याकडे कोणी फारसे पाहत नाही. आमच्या संग्रहात ही दोन्ही चित्रे एकाच पानावर, तारखेसह लावलेली आहेत.