भयाचा क्षण आणि त्याचे मोजमाप

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवरून पूर्वेकडे गेले की चिमूरचा मुलूख लागतो. वर्धा जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या, वायव्य टोकास आष्टी आहे. या दोन गावांची नावे इतिहासात मात्र जोडूनच घेतली जातात. 1942 च्या जुलैत वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला, 8 ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो' पुकारले गेले, आणि 16 ऑगस्टला या दोन्ही गावी एकाच दिवशी रक्त सांडले. पोलिसांच्या गोळ्यांनी लोक मेले. लोकांच्या हातून पोलीस आणि अधिकारी मेले. या दिवसाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुधा हौतात्म्याच्या भाषेत. ती भाषा आम्हांस अमान्य नाही. परंतु येथे आम्ही एक कोरडा, कायद्याचा प्रश्न विचारू इच्छितो: माणसाने स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्याचा जीव घेतला असे म्हटले जाते, तेव्हा ते खरे की खोटे हे ठरवायचे कसे, आणि कोणी?

आपल्याकडे या प्रश्नाचे लेखी उत्तर जुने आहे. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली दंड संहितेचा मसुदा सादर केला. हिंदुस्थानातील लोक दरोडेखोरांचे अत्याचार निमूटपणे सोसतात, तेव्हा या देशात खाजगी संरक्षणाचा हक्क आखडता नको, सढळ हवा, अशी त्या आयोगाची धारणा होती. परक्या राज्यकर्त्याने प्रजेला 'प्रतिकार करा' असे सांगावे, यातील विसंगती आजच्या वाचकाच्या ध्यानी येईलच. तरी ही धारणा 1860 च्या भारतीय दंड संहितेत उतरली आणि कलम 96 ते 106 या अकरा कलमांनी आपली जागा घेतली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमे 34 ते 44 या क्रमांकांनी, जवळजवळ जशीच्या तशी, नांदत आहेत.

या कलमांचा गाभा काळाशी निगडित आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न झाली त्या क्षणी हक्क जन्मतो. भीती टिकते तोवर तो टिकतो. ती सरली की तोही सरतो. म्हणून अभियोग पक्षाला असा दावा तपासताना काही ठराविक प्रश्न विचारावे लागतात. आगळीक कोणाची? सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास सवड होती काय? मृताच्या हाती शस्त्र होते काय, आणि वार झाला तेव्हाही ते हातीच होते काय? जखमा छातीवर आहेत की पाठीवर? आरोपीच्या अंगावर जखमा आहेत काय, आणि असल्यास फिर्यादी पक्ष त्यांचा खुलासा करतो काय? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नव्हे. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांविषयी साक्षीदार मूग गिळून बसले, तर ते घटनेचा आरंभच लपवीत असावेत असे अनुमान निघू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या लक्ष्मी सिंह खटल्यात स्पष्ट केले.

पुराव्याचा भार कोणावर, याचेही उत्तर ठरलेले आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 105 नुसार अपवादाचा लाभ मागणाऱ्याने तो सिद्ध करावयाचा. परंतु त्याने तो संशयातीत सिद्ध करणे आवश्यक नाही. आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढे दाखविले तरी पुरे. गुन्हा संशयातीत सिद्ध करण्याचे ओझे अखेरपर्यंत सरकार पक्षाच्याच खांद्यावर राहते. मर्यादा ओलांडली, पण सद्हेतूने ओलांडली, तर खून हा खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. जिवावर बेतलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूवर तोलून वार करावा, अशी अपेक्षा न्यायालये करीत नाहीत.

आता हे माप आष्टी-चिमूरला लावून पाहू. कलम 99 म्हणते की सरकारी नोकर सद्भावनेने, अधिकाराच्या आधारे कृती करीत असेल, तर ती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क नाही. मात्र त्याच वाक्यात एक फट आहे: त्या कृतीने मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न होत असेल, तर ही मनाई लागू होत नाही. बंदुकीची गोळी अशी भीती उत्पन्न करते, हे सांगावयास वकील नको. चिमूरला गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला. तेव्हा गोळीबार चालू असतानाचा जमावाचा प्रतिकार निदान या कलमाच्या उंबरठ्यापर्यंत तरी येतो. तो गोळीबार स्वतः कायदेशीर होता की नव्हता, हा पुढचा वाद. पण गोळ्या थांबल्यानंतर, हतबल झालेल्या अधिकाऱ्याला जमावाने ठार केले असेल, तर ते संरक्षण राहत नाही, सूड होतो. देशभक्तीने त्या कृत्याचे कारण कळते. त्याचे कायद्यातील नाव बदलत नाही. हे लिहिणे कटू आहे, पण एकच माप दोघांना लावावयाचे तर ते लिहिलेच पाहिजे.

आमची तक्रार निराळी आहे. ते माप दोघांना लावलेच गेले नाही. आरोपींचे खटले विशेष न्यायालयांपुढे चालले. अशा न्यायालयांसंबंधीचा 1942 चा वटहुकूम फेडरल कोर्टाने 1943 मध्ये अवैध ठरविला आणि प्रिव्ही कौन्सिलने 1944 मध्ये पुन्हा वैध ठरविला. न्यायाची चौकटच अशी डळमळत होती. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. देशभर हाक उठल्यावर 1945 मध्ये ती जन्मठेपेत बदलली. दुसऱ्या बाजूस, चिमूरमध्ये त्यानंतर लष्कर आणि पोलीस शिरले, तेव्हा स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळींनी उपोषण आरंभिले; ते 63 दिवस चालले आणि 12 जानेवारी 1943 ला सुटले. एका माणसाला चौकशी मागण्यासाठी प्राण पणास लावावा लागतो, तेथे अभियोग पक्ष कोणाचा आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

स्वराज्यात काय बदलले? 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपूर्वी खालच्या न्यायालयांत पुष्कळदा पोलीस अधिकारीच सरकारी वकिली करीत. त्या संहितेने अभियोगाचे काम पोलिसांपासून वेगळे काढले. ही मोठीच सुधारणा होय. पण तपास आणि दोषारोपपत्र पोलिसांच्याच हाती राहिले. सरकारी वकिलापुढे येतो तो पोलिसांनी गोळा केलेला क्षण. मारेकरी सामान्य माणूस असेल तर हे बहुधा निभते. मारणारा स्वतःच पोलीस असला, आणि 'त्याने आमच्यावर गोळी झाडली, आम्ही बचावासाठी झाडली' असे चकमकीच्या कागदात लिहिलेले असले, म्हणजे पेच उभा राहतो. कलमे तीच, पण भीतीचा क्षण सांगणारा, नोंदविणारा आणि तपासणारा एकाच खात्यातला.

11 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईत वर्सोव्यात मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याचे प्रकरण म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. त्याच्या वकील भावाने, भावाला उचलून नेल्याचे त्याच दिवशी तारा आणि फॅक्स पाठवून वरिष्ठांना कळविले होते. पोलिसांच्या कागदांबाहेरचे एक घड्याळ त्यामुळे चालू राहिले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने स्वतंत्र तपास झाला, 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरविले, आणि तेथे सुटलेल्या ज्येष्ठ अधिकाऱ्यालाही मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये जन्मठेप सुनावली. मध्यंतरी, सप्टेंबर 2014 मध्ये, महाराष्ट्रातील चकमकींवरूनच निघालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला: चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी, आणि घटनेनंतर लगोलग शौर्यपदके वाटू नयेत.

या दंडकात नवे तत्त्व असे काही नाही. भीती खरी होती काय, ती केव्हा संपली, आणि ती संपल्यावरही हात चालला काय, हेच ते 1860 चे प्रश्न. नवे आहे ते एवढेच की हे प्रश्न ज्याच्या हातून मृत्यू झाला त्याच्याच ठाण्याने विचारू नयेत. आष्टी-चिमूरच्या आरोपींना कायदा कठोर मिळाला, यापेक्षा त्यांना तटस्थ विचारणारा मिळाला नाही, हे आम्हांस अधिक गंभीर वाटते. हुतात्मा स्मारकापुढे दरवर्षी 16 ऑगस्टला माथा टेकविणाऱ्यांनी आजच्या चकमकीची बातमी वाचतानाही तेच मागितले पाहिजे. आणि बातमीतला मृत माणूस आपल्याला नावडता असेल, तेव्हा तर अधिक आग्रहाने.