उस्ताद, क्लच प्लेट आणि अल-जझरीची किताब

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या जुन्या मारुती ८०० ची क्लच प्लेट घरच्या अंगणात बदलली. बदलली म्हणजे उस्ताद सांगत गेले आणि मी करत गेलो. दोष गाडीचा नव्हता. चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची माझी खोड पंधरा वर्षांत सुटली नाही. चढावर इंजिन नुसते ओरडायला लागले आणि गाडी पुढे सरकेना, तेव्हा कळले की प्लेट गेली.

उस्ताद म्हणजे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. तीस वर्षे गॅरेजमध्ये काढलेला माणूस. जूनमध्ये वर्गात फॉर्म भरून घेताना या मुलाने ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना कोरा सोडला होता. विचारले तर खाली बघत म्हणाला, “सर, बिझनेस लिहू का?” मी “लिही” म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे वळलो. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या वेळी नेमका शब्द सुचू नये, याची टोचणी अजून आहे.

असो. काम सोपे नाही, पण गूढही नाही. बॅटरीची वायर काढायची, गिअरबॉक्सचे तेल काढायचे, क्लच केबल आणि स्टार्टर सोडवायचा, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढायचे. इंजिनाखाली लाकडाचा ओंडका आणि जॅक देऊन मग गिअरबॉक्स हळूहळू खाली घ्यायचा. मग प्रेशर प्लेट दिसते आणि तिच्या आत ती चकती, जेवणाच्या लहान ताटलीएवढी. माझ्या प्लेटचे रिव्हेट वर आले होते. मी सवयीने धूळ फुंकायला गेलो तर उस्तादांनी हात धरला. “सर, फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा.” पूर्वीच्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, त्याची धूळ फुप्फुसात बसते. इंग्लंडने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. उस्तादांच्या उस्तादांनी मात्र आयुष्यभर ती फुंकली. शेवटची वर्षे ते खोकतच होते, एवढेच उस्ताद म्हणाले. कारण काय ते कोणी तपासले नाही.

माझा धाकटा तिथेच रिमोटची गाडी फिरवत होता. तिच्या टपावर नट ठेवून तो आम्हाला पोचवत होता. मध्येच म्हणाला, “अब्बू, माझ्या गाडीला क्लच कुठंय?”

उत्तर उस्तादांनी दिले. विजेची मोटर जागेवरून उठतानाच पूर्ण जोर लावते, तिला क्लच लागत नाही. पेट्रोलचे इंजिन थांबले की मेलेच. म्हणून गाडी उभी असताना चाकांपासून त्याला सोडवावे लागते. इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या गाड्याही असतात. त्यांना क्लच असतो, पण लुनासारखा: वेग वाढला की आतले तुकडे बाहेर फेकले जाऊन भांड्याला घासतात आणि गाडी निघते. हे ऐकताना त्यांचा मुलगा पहिल्यांदाच टॉर्च खाली ठेवून वडिलांकडे बघत होता.

रात्री धाकट्याच्या निमित्ताने मीही जुनी पुस्तके उघडली. तारेशिवाय दूरवर हुकूम पोचवण्याची गोष्ट आपल्याकडे कलकत्त्यात सुरू होते. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून आणि बारूद पेटवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात लहानशी नाव रेडिओलहरींनी वळवून दाखवली. जमिनीवरची गाडी मात्र स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने चालवली. १९०३ मध्ये त्याने आपले ‘टेलेकिनो’ हे यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर मांडले. पुढे त्याने तीन चाकांच्या गाडीवर ते वापरून पाहिले आणि १९०६ मध्ये बिल्बाओच्या किनाऱ्यावर राजासमोर नाव चालवली. त्यानंतर सैन्यांनी ही कल्पना उचलली. सोव्हिएत फौजेने १९३९-४० च्या फिनलंडच्या लढाईत बिनमाणसाचे रणगाडे पाठवले. मुलांच्या हाती ती यायला ट्रान्झिस्टर स्वस्त व्हावा लागला. १९६६ मध्ये इटलीच्या एका कंपनीने बारावा हिस्सा आकाराची फेरारी विकायला काढली आणि १९७६ मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ आणली. ती सुट्ट्या भागांत यायची आणि स्वतः जोडावी लागायची. मला ही दुसरी जास्त आवडते.

इथे काही वाचक अल-जझरीचे नाव निघायची वाट बघत असतील. ‘रोबोट मुसलमानांनीच शोधला’ असा मेसेज मलाही महिन्याला एकदा येतो. त्याच्या नावेत चार वाजंत्री होते आणि बादशहाच्या मैफलीत ती हौदात तरंगायची, हे खरे. आत खुंट्या लावलेला रूळ फिरायचा आणि वादकांचे हात हलायचे. पण तिथे रेडिओ नव्हता, दूरवरून हुकूमही नव्हता, पाण्याचे वजन होते. छाती फुगवायला हे पुरेसे वाटत असेल तर फुगवा. मला त्या माणसाचे दुसरेच काहीतरी मोठे वाटते.

तो दियारबकरच्या अर्तुकी दरबारात पंचवीस वर्षे चाकरीला होता. १२०६ मध्ये सुलतान नासिरुद्दीन महमूदच्या सांगण्यावरून त्याची किताब पुरी झाली, पन्नासएक यंत्रांची. प्रस्तावनेत त्याची तक्रार आहे की आधीच्या विद्वानांनी पुष्कळ लिहिले, पण सगळे करून पाहिले नाही. आणि जे हुनर हाताने तपासलेले नाही ते खरे आणि खोटे यांच्यामध्ये लटकत राहते. म्हणून तो मापे देतो, प्रत्येक भागाला अक्षर देतो, लाकूड वाकू नये म्हणून फळ्या कशा जोडायच्या, पितळ वाळूच्या साच्यात कसे ओतायचे, हेही सांगतो. सोप्या अरबीत, कारागिराला कळेल असे. किताबचे इंग्रजी भाषांतर १९७४ मध्ये डोनाल्ड हिल यांनी केले. तेही इंजिनिअर होते, हे मला योगायोग वाटत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या उस्तादांना एवढेच सगळे येते. त्यांनी यातली एक ओळ कधी लिहिलेली नाही. नवी प्लेट मध्यावर बसवायचे खास अवजार त्यांच्याकडे नव्हते. जुन्या गाडीचा कापलेला शाफ्ट घालून त्यांनी ती बसवली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, आणि दातऱ्यांवर नखभर ग्रीस लावून म्हणाले, जास्त लावले तर उडून प्लेटवर जाते. हे कुठल्या पुस्तकात आहे, मी विचारले. ते हसले.

सुट्टी संपल्यावर त्यांच्या मुलाला मी निबंध दिला: ‘क्लच कसा बदलावा’, मराठीत, दीड पान. त्याने तीन पाने लिहून आणली, चित्रांसह, भागांना अ, ब, क अशी नावे देऊन. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका लाल केल्या. वही घरी जाऊन परत आली तेव्हा समासात निळ्या पेनाने उर्दूत आणखी एक दुरुस्ती होती, वळणदार नसलेल्या अक्षरात: बॅटरीची वायर आधी काढायची, ते राहिले.