बुर्साच्या तुरुंगातील लेखनशाळा

तुरुंग आणि ग्रंथलेखन यांचे नाते महाराष्ट्रातील श्रोत्यांना नव्याने समजावून सांगावे लागत नाही. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी फेब्रुवारीतल्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातच. परंतु त्या ऐकताना आमच्या मनात एक शंका वारंवार येत आली आहे. ही सारी माणसे तुरुंगात शिरली ती विद्येची शिदोरी बरोबर घेऊनच. टिळक तर 'केसरी'चे संपादक होते. तुरुंगाने त्यांना सवड दिली, फार तर एकांत दिला; लेखणी काही तुरुंगाने दिली नाही. मग ज्याला लिहिता येत नव्हते, किंवा धड येत नव्हते, असा माणूस आत गेला आणि लेखक होऊन बाहेर आला, असे कोठे घडले आहे काय? घडले असल्यास ते कोणी घडवले?

अशा घडणीचा एक उत्तम दाखला तुर्कस्तानात सापडतो. बुर्सा हे तेथील जुने शहर, रेशमाबद्दल प्रसिद्ध. आपल्या सोलापूर-इचलकरंजीसारखा तेथेही मागांचा खडखडाट. त्या शहराच्या तुरुंगात १९४० च्या डिसेंबरात नाझिम हिकमत हा कवी येऊन पडला. १९३८ साली त्याच्यावर लष्करी न्यायालयांत खटले झाले होते. लष्करी शाळेतल्या मुलांजवळ त्याची पुस्तके सापडली, यावरून सैन्यात बंड माजवण्याचा आरोप ठेवण्यात आला, आणि दोन खटल्यांची गोळाबेरीज होऊन शिक्षा ठरली अठ्ठावीस वर्षे चार महिन्यांची. कविता वाचल्या मुलांनी, आणि शिक्षा कवीला! त्या वर्षापासून १९६५ पर्यंत त्याची पुस्तके त्याच्याच देशात छापता येत नव्हती. म्हणजे हा माणूस दुहेरी कोंडलेला होता. देह भिंतीआड आणि शब्द बंदीखाली.

त्याच तुरुंगात पंचविशीतला एक तरुण कैदी आधीपासून होता. त्याचे घरचे नाव मेहमेत रशीद. बाप एके काळी कायदेमंडळाचा सभासद. पुढे विरोधी पक्ष काढल्यामुळे देश सोडून पळावे लागले आणि घराची धूळधाण झाली. मुलाची शाळा अर्ध्यावर सुटली. बैरूतमध्ये त्याने भांडी घासली, नंतर आदाना येथे परत येऊन सरकी काढण्याच्या कारखान्यात आणि विणकामावर राबला, कारकुनी केली. सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना नाझिम हिकमत आणि गॉर्की वाचतो, लोकांत त्यांचे गुण गातो, या अपराधाबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्याची पुस्तके वाचल्याबद्दल आत आलो तो ग्रंथकारच एके दिवशी आपल्या बराकीत येऊन उभा राहतो, हा योग एखाद्या कादंबरीकाराने कल्पिला असता तर आपण त्याला हसलो असतो.

हा तरुण कविता करीत असे. त्या काळच्या धाटणीच्या, विरहाच्या, उसाशांच्या. त्याने मोठ्या आशेने त्या कवीला वाचून दाखवल्या. पहिली कविता पुरी होण्याआधीच हिकमतने त्याला थांबवले आणि दुसरी वाचायला सांगितले. दुसरीचीही तीच गत. मग त्याने सरळ सांगितले की हे वाईट आहे, जे तुला स्वतःला वाटत नाही ते तू लिहितो आहेस, आणि असे लिहून तू आपलीच बदनामी करतो आहेस. तरुण पार खचला. पण हिकमत तेवढ्यावर थांबला नाही. तुझ्यात काही आहे, तुझे शिक्षण मी अंगावर घेतो, मात्र मन लावून शिकावे लागेल, असे त्याने त्याच वेळी बजावले. दुसऱ्या दिवसापासून फ्रेंच भाषेचे धडे सुरू झाले, आणि पुढे तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, राजकारण.

येथे थोडे थांबावेसे वाटते. तुरुंगातल्या माणसाला मदत करायला जाणारे लोक बहुधा दोन प्रकारचे असतात. एक उपदेश करणारे आणि दुसरे कौतुक करणारे. पहिल्या प्रकारचा माणूस कैद्याचे लिहिणे वाचतच नाही. दुसरा वाचतो, पण कैद्याने लिहिले एवढ्यानेच हरखून जातो, आणि खरे सांगायचे तर त्यातही एक प्रकारचा अपमानच असतो. युनियनच्या कचेरीत कामगारांचे अर्ज आणि पत्रके दुरुस्त करण्यात आमची तीस वर्षे गेली. तेथे आम्ही हे पाहिले आहे की, आपल्या मजकुरावर कोणी लाल रेघ ओढली म्हणून कामगार रुसत नाही. न वाचताच 'छान छान' म्हणून पाठीवर थाप मारली की मात्र त्याला बरोबर कळते. हिकमतने त्या तरुणाला बरोबरीचा माणूस मानले, म्हणून तो त्याला कठोरपणे बोलू शकला. अर्थात कठोरपणा फुकट असतो आणि तो कोणीही करू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन शेजारी बसणे महाग पडते.

काही दिवसांनी हिकमतच्या हाती त्या तरुणाचे एका कादंबरीच्या आरंभाचे कागद लागले. ते साधे गद्य होते, ओळखीच्या माणसांविषयीचे. ते वाचून तो आनंदला आणि कविता सोडून हेच लिही म्हणाला. त्यातून तुर्की भाषेला एक कथाकार मिळाला, ओरहान केमाल या नावाचा. तुरुंगात असतानाच त्याच्या गोष्टी इस्तंबूलच्या नियतकालिकांतून येऊ लागल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये तो सुटला. बाहेर त्याची वाट पाहत होती ती बेकारी, हमाली, मिळेल ती नोकरी. तरीही १९४९ साली त्याची पहिली दोन पुस्तके निघाली. त्यांतल्या कथासंग्रहाच्या नावाचा अर्थ 'भाकरीसाठी झगडा' असा आहे. पुढे गिरणीच्या रात्रपाळीचा रखवालदार, कापूस पिकवणाऱ्या चुकुरोवाच्या सपाटीवर मजुरीला आलेले तीन खेडूत, अशी माणसे त्याच्या कादंबऱ्यांतून आली. तुरुंगातल्या सर्वांत कंगाल बराकीवर त्याने 'बहात्तर नंबरची बराक' ही छोटी कादंबरी १९५४ साली लिहिली. तीत एका खलाशाला घरून आईकडून पैसे येतात आणि तो सगळ्या उपाशी बराकीला जेवू घालतो; पुढे काय होते ते वाचणाऱ्याने वाचावे. महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानात रोटीवर रेशन होते, आणि ज्या कैद्याला बाहेरून काही येत नसे त्याचे हाल कुत्रा खात नव्हता. हे सारे लेखकाने पाहिलेले होते, आणि जे पाहिले तेच लिहावे हा धडा त्याला मिळालेला होता.

हिकमत स्वतः तरी काय करीत होता? तो तुरुंगात मागावर बसत असे. इतर कैद्यांना बरोबर घेऊन त्याने माग चालवले, कापड विणले आणि ते बाहेर विकून पैसा उभा केला. साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत उरकतात. आमच्या मते ती पानभर लिहिण्याजोगी आहे. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला वृत्त आणि शैली शिकवणे व्यर्थ, हे त्या कवीला कळत होते, आणि शिकवणाराच शेजारच्या मागावर बसत असल्यामुळे कैद्यांनाही त्याच्याविषयी परकेपणा उरला नाही. संध्याकाळी तो त्यांना आपल्या चालू महाकाव्यातला भाग वाचून दाखवी. 'माझ्या देशातील माणसांची दृश्ये' अशा अर्थाचे त्याचे नाव. आज त्याच्या सुमारे सतरा हजार ओळी उपलब्ध आहेत, काही भाग हरवला. त्यात आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातले प्रवासी, शेतकरी, शिपाई, कैदी यांची चरित्रे आहेत, आणि पुष्कळशी त्याने आपल्या बराकीतच ऐकलेली. म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी होती. कैद्यांनी त्याला आपली आयुष्ये दिली. त्याने ती काव्यात घालून त्यांच्यापुढे परत ठेवली, आणि ज्यांची हकीकत होती तेच पहिले श्रोते व पहिले टीकाकार ठरले.

बाहेरची मदतही होती, ती विसरता कामा नये. पत्नी पिराये त्याची पत्रे आणि पत्रांतून येणाऱ्या कविता जपून ठेवी. केमाल ताहिर हा चांकिरीच्या तुरुंगातला त्याचा सोबती. दोघांची ताटातूट झाल्यावर हिकमत त्याला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात पत्रे धाडून लेखनाविषयी चर्चा करीत राहिला. ती पत्रे १९६८ साली पुस्तकरूपाने निघाली. केमाल ताहिरही पुढे नामांकित कादंबरीकार झाला.

पुढच्या काळात या कामाला संस्थांचे रूप आले. स्पेनच्या यादवी युद्धात फाशीच्या छायेखाली कोठडी भोगलेल्या आर्थर कोस्लरने १९६२ साली इंग्लंडमधील कैद्यांच्या कलेसाठी पारितोषिके सुरू केली. अमेरिकेत ॲटिका येथील तुरुंगाचा उठाव १९७१ च्या सप्टेंबरात रक्तपाताने चिरडला गेला आणि त्याच वर्षी तेथील पेन या लेखकसंस्थेने कैद्यांच्या लेखनाचे काम हाती घेतले. ही कामे चांगलीच आहेत. पण वर्षातून एकदा येणारे बक्षीस आणि रोज सकाळी शेजारी बसणारा माणूस, यांतला फरक कोणत्याही कामगारवर्गात शिकवलेल्या माणसाला सांगावा लागणार नाही.

१९५० साली उपोषण आणि देशोदेशीच्या लेखकांची चळवळ यांनंतर सार्वत्रिक माफीत हिकमत सुटला. दुसऱ्याच वर्षी त्याला समुद्रमार्गाने देश सोडावा लागला. सरकारने नागरिकत्व काढून घेतले, ते २००९ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सेहेचाळीस वर्षांनी, परत दिले. ते महाकाव्य तुर्कस्तानात छापले गेले १९६६-६७ साली. कवी १९६३ मध्येच मॉस्कोत वारला होता. ओरहान केमालने त्या दिवसांच्या आठवणी १९६५ साली प्रसिद्ध केल्या, आणि कवितांची ती फजितीही त्याने त्यांत मोकळेपणाने सांगितली आहे.

एक विद्यार्थी मात्र सांगायचा राहिला. इब्राहिम बालाबान हा बुर्साजवळच्या खेड्यातला शेतकरी, गावच्या शाळेत तीन वर्षे काय ती गेलेला. पोरवयात भांगेच्या लागवडीवरून तो पहिल्यांदा तुरुंगात आला, आणि पुढे खुनाच्या गुन्ह्यात पुन्हा. हिकमत कैद्यांची चित्रे काढीत असे ते हा पोरगा निरखून पाही. हिकमतने त्याच्या हाती रंग दिले आणि ओरहानला शिकवले तसेच इतिहास-अर्थशास्त्रही शिकवले. तो तुर्कस्तानचा मोठा चित्रकार झाला आणि २०१९ पर्यंत जगला. त्याच्या नांगराच्या, पेरणीच्या, तुरुंगाच्या दाराच्या चित्रांवर खुद्द हिकमतने कविता केल्या. तुरुंगातले लोक हिकमतला 'शाइर बाबा' म्हणत. आपला 'शाहीर' हा शब्द त्याच अरबी मुळाचा. १९६८ साली बालाबानने आठवणींचे पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्याने ठेवले: 'शाइर बाबा आणि तुरुंगातली मंडळी'.