‘शिकारी वाघ’ कीं चित्ता? : मँचेस्टर येथील एका चित्राविषयीं

इंग्लंडांतील मँचेस्टर शहराच्या कलासंग्रहालयांत जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराचें एक मोठें तैलचित्र आहे. पांढऱ्या वेषांतील, पागोटीं बांधलेले दोन हिंदी सेवक, त्यांच्याजवळ तांबडा पट्टा बांधलेलें एक ठिपकेदार जनावर, व समोर एक शिंगाळें हरिण. एक सेवक जनावराच्या डोळ्यांवरील टोपी मागें सारीत आहे; दुसरा हरिणाकडे हात दाखवीत आहे. मूळ चित्र पाहण्याचा योग मला आला नाहीं. हें वर्णन छापील प्रतिकृतीवरून केलें आहे. आज या चित्राच्या नांवांत ‘चित्ता’ हा शब्द आहे. परंतु १७६५ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तें मांडलें गेलें तेव्हां त्यास ‘शिकारी वाघाचें चित्र’ असें म्हटलें होतें.

हें जनावर मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट यानें तिसऱ्या जॉर्ज राजास भेट दिलें. १७६४ च्या जून महिन्यांत विंडसरच्या उपवनांत, जाळ्यांनीं घेरलेल्या जागेंत, त्यास एका मोठ्या हरिणावर सोडण्यांत आलें. हरिणानें त्यास शिंगांवर झुगारून दिलें. जनावर जाळें ओलांडून पळालें व बाहेर दुसरेंच एक लहान हरिण मारून बसलें. दरबारी मंडळींस यांत जनावराचा कमीपणा दिसला असावा. वस्तुतः आमच्याकडे चित्त्यास गाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ नेत, मोकळ्या माळावर टोपी काढीत, व कांहीं शें हातांच्या धांवेंत काय तो निकाल लागे. कोंडलेल्या जागेंत थोरल्या हरिणाशीं झुंज हें त्याचें काम नव्हे.

नांवांचा घोटाळा एकट्या इंग्रजांचाच नाहीं. अमरसिंहानें शार्दूल व द्वीपिन् हे दोन्ही शब्द व्याघ्राच्या पर्यायांत घातले आहेत. हिंदींतील ‘चीता’ ज्यावरून आला तो ‘चित्रक’ शब्द तर एका औषधी वनस्पतीचेंही नांव आहे. द्वीपिन् म्हणजे चित्ता, असें मीं पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस निःशंकपणें पढविलें. त्यास आधार नव्हता, हें उशिरां कळलें. शब्द सोडून व्यवहाराकडे पाहावें तर कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास (शके १०५१) उपयोगी पडतो. त्यांत शिकविलेल्या चित्त्यांकडून मृगया करविण्याचा विषय आला आहे.

चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात, बिबट्याच्या अंगावर पोकळ ठशांचीं वर्तुळें. शिवाय चित्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरते. हा भेद आतां संग्रहालयांतच शिकावा लागतो. बंदिवासांत चित्त्यास पिलें होत नसत. जहांगीरानें आपल्या कारकीर्दींत तीन पिलें झाल्याची नोंद मोठ्या नवलानें केली आहे. त्यानंतरचा नमूद प्रसंग १९५६ सालचा, अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील. सबब प्रत्येक राजाचा प्रत्येक चित्ता रानांतूनच धरला जाई. पुढें कोल्हापुरासारख्या संस्थानांस ते आफ्रिकेंतून आणवावे लागले. १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. १९५२ सालीं सरकारनें हा प्राणी देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर केलें. २०२२ सालीं कुनोच्या अरण्यांत आणलेले चित्ते नामिबियांतील, म्हणजे आफ्रिकी जातीचे; आशियाई चित्ता इराणांतच काय तो थोडा उरला आहे. यामुळें स्टब्जनें प्रत्यक्ष पाहून रंगविलेलें जनावर आम्हांस अस्सल कागदाइतकेंच मोलाचें आहे.

आमच्या परंपरेंत अठरा कारखान्यांत शिकारखान्याची गणना आहे. ज्यांच्या संग्रहीं शिकारखान्याच्या जमाखर्चाचे मोडी कागद असतील त्यांनीं जनावराचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच छापावें. ‘वाघ’ असल्यास ‘चित्ता’ अशी दुरुस्ती करूं नये, व ‘चित्ता’ असल्यास त्याचा बिबट्या करूं नये. निर्णय नांवावरून न करतां शेजारच्या कलमांवरून करावा. टोपी, पट्टा, गाडी व चित्तेवान हीं एकत्र आलीं तर जनावर कोणतें याविषयीं शंका उरत नाहीं. एकट्या टोपीवर मात्र विसंबूं नये. ती बहिरी ससाण्यासही घालीत.